देवनागरी अक्षरकला : बोरूपासून संगणकापर्यंत
(प्रेरणा आणि वैयक्तिक शैली यांचा ऐतिहासिक शोध, सदर, नागपूर येथील पाट्यांच्या संदर्भासह)

सारांश

संगणकावर काम करणाऱ्या कलावंताला प्रेरणा कोठून मिळते आणि त्याची स्वतःची शैली कशी घडते, हा प्रश्न आजच्या कलाशिक्षणात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा नव्या साधनांच्या परिचयात शोधले जाते. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न देवनागरी अक्षरकलेच्या इतिहासाच्या आधारे तपासला आहे. कमल शेडगे, अच्युत पालव आणि र. कृ. जोशी या तीन अक्षरकारांच्या कार्याचा तौलनिक विचार करून वैयक्तिक शैली साधनातून निर्माण होत नाही, तर परंपरेचा डोळस अभ्यास आणि मर्यादांचा स्वीकार यांतून ती सिद्ध होते, असे प्रतिपादन येथे केले आहे. निबंधाच्या उत्तरार्धात नागपूरच्या सदर भागातील पाट्यांच्या निरीक्षणावरून अक्षरामागील हाताच्या श्रेयाचा प्रश्न मांडला आहे.

बीजसंज्ञा : देवनागरी, सुलेखन, मुद्राक्षर, फॉन्ट, युनिकोड, मोडी, वैयक्तिक शैली, पाटीकला

प्रस्तावना

कलेचा इतिहास लिहिताना आपण चित्र, शिल्प आणि वास्तू यांचा विचार करतो. अक्षराचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर दिवसभर जी दृश्यकला असते ती अक्षरांचीच असते. वर्तमानपत्राचे शीर्षक, दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, बसवरील फलक, महाविद्यालयाचे परिपत्रक या सर्व ठिकाणी कोणीतरी कधीतरी घडवलेले अक्षर आपण वाचत असतो. परंतु ते घडवणारा कोण, हे आपण विचारीत नाही. वाचणे सुलभ झाले की अक्षर विसरले जाते. अक्षरकलेचे हेच यश आहे आणि अक्षरकारांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचे कारणही हेच आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक वैयक्तिक प्रसंग कारणीभूत झाला. संशोधकाने आपला एम.फिल.चा प्रबंध एका डीटीपी केंद्रात टंकलिखित करून घेतला होता. सादर करण्याच्या दोन दिवस आधी ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा संपूर्ण प्रबंध रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या निरर्थक रांगांत रूपांतरित झालेला दिसला. मजकूर नाहीसा झाला नव्हता; नाहीसा झाला होता तो फॉन्ट. मराठी प्राध्यापकवर्गातील बहुतेकांना असा अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असेल. त्या दोन दिवसांत प्रथमच जाणवले की, ज्याला आपण 'आपला मजकूर' म्हणतो तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने काढलेल्या अक्षरांवर उभा असतो. तो हात कोणाचा, या कुतूहलातून प्रस्तुत अभ्यासाला प्रारंभ झाला.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. देवनागरी अक्षराच्या हस्तलिखित, मुद्रित व संगणकीय अवस्थांचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. निवडक मराठी अक्षरकारांच्या कार्यात प्रेरणा आणि शैली यांचा संबंध तपासणे.
३. संगणकीय अक्षरामुळे स्थानिक पाटीकलेवर झालेला परिणाम सदर भागाच्या संदर्भात समजून घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली आहे.

लेखणी, खिळा आणि नागपूर

देवनागरी अक्षराचे रूप बोरूने ठरवले. तिरप्या कापाच्या बोरूने अक्षराला जाड-बारीकपणा दिला. रोमन लिपीतील अक्षरांचा जाड-बारीकपणा ज्या दिशेने कललेला असतो, त्याच्या विरुद्ध दिशेने देवनागरीचा कल असतो, कारण दोन्ही परंपरांत लेखणीचा काप भिन्न होता. म्हणजेच अक्षराची शैली ही लेखकाच्या लहरीपेक्षा साधन, हाताची सवय आणि पृष्ठभाग यांच्या परस्परसंबंधातून घडली. मोडी लिपीत हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी शिरोरेषा ओढली जाई आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे लिहिली जात. दफ्तरातील वेगाची गरज हीच मोडीच्या सौंदर्याची जननी होय. नागपूरकर भोसल्यांचा कारभारही याच लिपीत चालला. त्या कागदपत्रांशी परिचय झालेल्या कोणालाही कारकुनागणिक बदलणारे हस्ताक्षर ओळखता येते. कारकुनाचे नाव नोंदलेले नसते. त्याचे वळण मात्र राहते.

मुद्रणाने या वळणाला पहिला धक्का दिला. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले आणि १८१० मधील त्यांचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला. या कामात त्यांना साहाय्य करणारे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रीरामपूरहून निघालेल्या मराठी पुस्तकांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या वंशावळीचाही समावेश आहे. नागपूरच्या राजघराण्याची कथा, नागपूरच्या पंडिताचे साहाय्य आणि बंगालमध्ये कोरलेले खिळे असा हा संयोग आहे. ज्या लिपीत हात उचलायचा नाही, त्या लिपीचे अक्षर खिळ्यात सुटे करावे लागले, ही त्यातील लक्षणीय बाब होय. हाताच्या प्रवाहातून अक्षर येथे बाजूला काढले गेले.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी खिळ्यांना देखणे रूप मिळाले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे अक्षर संस्कृत व मराठी ग्रंथांचे प्रमाण अक्षर ठरले. आजही जुन्या पोथीचे किंवा ग्रंथाचे पान 'निर्णयसागरी' म्हणून ओळखणारे वाचक आहेत. येथे शैलीला छापखान्याचे नाव मिळाले. खिळे कोरणाऱ्या कारागिराचे नाव मात्र जाणकारांच्या वर्तुळापुरते राहिले.

यंत्रासाठी अक्षर : लिपिसुधारणेचा कालखंड

जोडाक्षरे, काने-मात्रे, वेलांट्या आणि रफार यांमुळे देवनागरी जुळाऱ्यापुढे काही शेकडा घरांची केस असे. रोमन जुळाऱ्याचे काम त्या मानाने फारच कमी खिळ्यांत भागे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिपीचा प्रश्न हा राष्ट्रीय प्रश्न बनला. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये काशी येथे समान लिपीच्या प्रश्नावर भाषण केले आणि 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयोगही केले. शंकर आबाजी भिसे यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रावर आपले आयुष्य वेचले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या वर्धा येथील राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या प्रकाशनांत 'अि', 'अु' अशी रूपे प्रत्यक्ष छापली गेली. काका कालेलकर हे या चळवळीचे एक अध्वर्यू होते. त्या काळातील पुस्तके जुन्या ग्रंथालयांत आजही आढळतात आणि विद्यार्थ्यांना ती छपाईची चूक वाटते.

या चळवळीचा हेतू उदात्त होता, परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले होते : यंत्र बदलत नाही, म्हणून अक्षराने बदलावे. पुढील पन्नास वर्षांत हे गृहीतकच उलटे झाले. अक्षराला यंत्राच्या मापात बसवण्याऐवजी यंत्रालाच अक्षर शिकवता येईल, हे संगणकाने दाखवले. मात्र ते शिकवण्यासाठी अक्षर आतून जाणणारा माणूस लागणार होता.

शैलीच्या तीन वाटा

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची वाट शब्दाच्या अर्थातून जाते. 'टाइम्स' समूहातील त्यांची नोकरी, 'महाराष्ट्र टाइम्स'चे शीर्षक आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींतील असंख्य नावे यांमुळे त्यांचे अक्षर घराघरांत पोहोचले. नाटकाचे नाव वाचताच त्याची प्रकृती कळावी, असे ते अक्षर असे. त्यांना प्रेरणा संहितेतून मिळे. प्रत्येक नावासाठी वेगळे अक्षर काढूनही ते शेडग्यांचे म्हणून ओळखू येई. याचा अर्थ असा की, त्यांची शैली अक्षराच्या एका ठरावीक आकारात नव्हती. शब्दाकडे पाहण्याच्या रीतीत ती होती.

अच्युत पालव यांची वाट दफ्तरातून जाते. त्यांचे शिक्षण सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत झाले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी 'उल्का' या जाहिरात संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीवर त्यांनी जुन्या हस्तलिखितांचा आणि मोडी लिपीचा अभ्यास केला. त्यातून मोडीचा प्रवाहीपणा आणि देवनागरीची ओळख यांचा मेळ घालणारी 'मुक्तलिपी' त्यांनी सिद्ध केली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे उदाहरण विशेष मोलाचे वाटते. ज्या मोडी कागदांकडे आपण केवळ आशयासाठी पाहतो, त्यांच्याकडे एका अक्षरकाराने आकारासाठी पाहिले. त्याने मोडीची नक्कल केली नाही. मोडीतील हाताची गती ओळखली आणि ती वेगळ्या लिपीत, वेगळ्या काळात वापरली. त्यांच्या कार्याची दखल घेऊन २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रेरणा आणि अनुकरण यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगायचा झाल्यास याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

तिसरी वाट रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांची. मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण, 'उल्का'मध्ये दीर्घकाळ कला-दिग्दर्शन, त्यानंतर आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन आणि शेवटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकीय अक्षरांवरील काम, असा त्यांचा प्रवास आहे. ते कवीही होते. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ निर्माण करणारी दृश्यकविता त्यांनी लिहिली. भारतीय भाषांसाठी एक समान लिपी असावी या विचारातून त्यांनी 'देशनागरी'ची कल्पना मांडली. ज्या काळात अरुण कोलटकरांसारखा कवी जाहिरात संस्थांत कला-दिग्दर्शन करीत होता, त्याच मुंबईत जोशींची जडणघडण झाली. शब्द आणि चित्र यांच्या सीमेवर राहणारी ही पिढी होती.

जोशींच्या बोरूला आणि कुंचल्याला स्वतःचे ठसठशीत वळण होते. अशा माणसाने संगणकासाठी अक्षर घडवावयास घेतले, तेव्हा काय घडले, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

'मंगल' : न दिसणारी शैली

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी थोडी तांत्रिक पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९९० च्या दशकातील बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून तयार केलेले होते. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असे. फॉन्ट हा केवळ मुखवटा होता. फॉन्ट निघाला की मुखवटा गळून पडे. प्रस्तावनेतील प्रबंधाची अवस्था त्यामुळेच झाली. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा असल्याने एका कार्यालयाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे.

भारतीय लिपींसाठी सामायिक संकेतावली १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचे रूप मिळाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग या भारतीय संकेतावलीवरच आधारलेला आहे. युनिकोडमध्ये 'क्ष' हे एक अक्षर नसते. 'क', 'हलन्त' आणि 'ष' असे तीन संकेत असतात. 'धर्म' लिहिताना 'र' हा 'म'च्या आधी नोंदला जातो, पण दिसतो तो 'म'च्या डोक्यावर रफार म्हणून. 'कि' लिहिताना 'क' आधी आणि वेलांटी नंतर नोंदली जाते. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. उच्चाराचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांची सांगड घालण्याचे काम फॉन्टच्या आत लिहिलेल्या नियमांनी करावे लागते. म्हणजेच असा फॉन्ट घडवणारा केवळ आकार काढीत नाही. तो लिपीचे व्याकरण लिहितो. छापखान्यातील जुळारी जो निर्णय हाताने घेत असे, तो निर्णय येथे आधीच घेऊन ठेवावा लागतो.

'विंडोज २०००' सोबत आलेला 'मंगल' हा या पद्धतीचा देवनागरी फॉन्ट जोशींच्या दिग्दर्शनाखाली, विनय सायनेकर यांच्या सहभागाने तयार झाला. गुजरातीसाठी 'श्रुती', गुरुमुखीसाठी 'रावी' अशा अन्य भारतीय लिपींच्या फॉन्टचेही मुद्राक्षर-दिग्दर्शन जोशींनीच केले. त्या काळच्या पडद्यावर बारा पॉइंटच्या अक्षराला सुमारे सोळा ठिपक्यांची उंची मिळे. एवढ्या जागेत शिरोरेषा, वरची वेलांटी, तिच्यावरील अनुस्वार आणि अक्षराखालचा उकार हे सर्व बसवायचे होते. बोरूचा जाड-बारीकपणा तेथे टिकणे शक्य नव्हते; टिकवला असता तर बारीक रेघा तुटल्या असत्या. म्हणून 'मंगल'मधील रेषा जवळजवळ समान जाडीची आहे, अक्षरांची पोकळी मोकळी आहे आणि ओळींमधील अंतर मोठे आहे. इंग्रजी मजकुरासोबत 'मंगल' वापरताना ओळी विखुरलेल्या दिसतात, ही आपणा सर्वांची नित्याची तक्रार. तिचे मूळ मात्र निष्काळजीपणात नाही. वरच्या आणि खालच्या मात्रांना जागा देण्याच्या निर्णयात ते आहे.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या अक्षरकाराचे स्वतःचे वळण इतके जोरकस, त्याने आपल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या कामातून ते वळण जाणीवपूर्वक काढून टाकले. टंकलेखन परीक्षांच्या सूचनांमुळे 'मंगल' हे नाव लाखो उमेदवारांना परिचित झाले. ते अक्षर कोणी घडवले, हे त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. मग येथे वैयक्तिक शैली संपली, असे म्हणावे काय? संशोधकाच्या मते तसे म्हणता येणार नाही. कोणती गोष्ट सोडायची आणि कोणती सोडायची नाही, या निवडीतही शैली असते. जाड-बारीकपणा सोडला, मात्रांची जागा सोडली नाही. अलंकरण सोडले, जोडाक्षराचा नियम सोडला नाही. लिपिसुधारकांनी यंत्रासाठी लिपी बदलण्याची तयारी दर्शवली होती, जोशींनी लिपी कायम ठेवून केवळ स्वतःला मागे घेतले. ज्याचा हात पक्का असतो त्यालाच तो केव्हा आवरायचा हे कळते.

फेब्रुवारी २००८ मध्ये जोशींचे निधन झाले. पुढे पडद्यांची सूक्ष्मता वाढली, नवे फॉन्ट आले आणि २०१५ मधील 'विंडोज १०' पासून 'मंगल' हा मूळ संचाऐवजी पूरक फॉन्टांच्या यादीत गेला. 'एक टाइप' या मुंबईच्या अक्षरकारांच्या गटाने 'मुक्त', 'बालू' यांसारखे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. आता पडद्यावर पुन्हा जाड-बारीक रेषा शक्य झाली आहे. म्हणजेच १९९० च्या दशकातील मर्यादा संपली आहे. परंतु त्या मर्यादेने शिकवलेला विवेक संपता कामा नये.

सदरच्या पाट्या

हा विवेक सर्वसामान्य व्यवहारात किती उरला आहे, हे पाहण्यासाठी संशोधकाने सदर भागातील पाट्यांचे निरीक्षण केले. सदर हा नागपूरचा जुना बाजार. ब्रिटिश रेसिडेन्सीची स्मृती तेथील रेसिडेन्सी रोडच्या नावात आजही टिकून आहे. नागपूर ही १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी होती आणि १९५६ पर्यंत हिंदी व मराठी या दोन्ही भाषांच्या प्रदेशाचे शासन येथून चालले. सदरमध्ये मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली. तेथील पाटी रंगवणाऱ्या पेंटरला त्यामुळे एकाहून अधिक लिप्या हाताळाव्या लागत.

या भागातील एका वयोवृद्ध पेंटरशी झालेल्या संभाषणातून काही गोष्टी समजल्या. त्यांनी अक्षर कोणत्याही शाळेत शिकले नव्हते. उस्तादाने काढलेल्या पाटीतील अक्षरांच्या आत रंग भरणे हे पहिल्या वर्षाचे काम. पुढे खडूने आखणी, त्यानंतर कडा आणि सर्वांत शेवटी स्वतःचे अक्षर. जागा अपुरी पडली तर अक्षर कोठे आवळायचे आणि शिरोरेषा कोठे तोडायची, हे पाटीसमोर उभे राहूनच ठरे. त्यांच्या मते संगणकाचे अक्षर चुकत नाही, परंतु ते जागेचे ऐकतही नाही. त्यांच्याकडे आता पाट्यांचे काम येत नाही. क्वचित वाहनांचे क्रमांक रंगवण्यापुरते ते उरले आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाकण्याची पद्धत होती, त्यामुळे आपली पाटी कोणती हे गावाला कळे, असेही त्यांनी सांगितले. ते नाव म्हणजेच त्यांची जाहिरात आणि तेच त्यांचे श्रेय.

फ्लेक्सच्या आगमनानंतर हे चित्र बदलले. पाटी दोन तासांत आणि अल्प खर्चात मिळू लागली. दुकानदाराच्या दृष्टीने ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पुढे मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यातील लहान दुकानांनाही देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि देवनागरी अक्षर इतर लिपीतील अक्षरापेक्षा लहान असू नये, अशी तरतूद झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर या विषयाची राज्यभर चर्चा झाली. मराठीच्या दृष्टीने ही स्वागतार्ह घटना आहे. तथापि कायदा अक्षराचा आकार मोजू शकतो, त्याचा घाट मोजू शकत नाही. सदरमधील अनेक पाट्यांवर इंग्रजी नाव विचारपूर्वक निवडलेल्या अक्षरात आणि मराठी नाव संगणकात प्रथम सापडलेल्या फॉन्टमध्ये, आडवे ताणून मापात बसवलेले दिसते. दंड जाड होतो आणि शिरोरेषा त्या मानाने बारीक दिसते. अक्षर मोठे आहे, पण त्याचा मान राखलेला नाही.

आणखी एक सूक्ष्म बाब नोंदवणे आवश्यक आहे. मराठी 'ल' आणि 'श' यांची रूपे हिंदीतील रूपांहून भिन्न आहेत आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची रूपे निश्चित केली होती. अनेक फॉन्टांत ही दोन्ही रूपे असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगितले नाही तर हिंदी रूप उमटते. विद्यार्थ्याला हे ठाऊक नसल्यास त्याची निवड ही त्याची निवड राहत नाही. ती यंत्राने आधीच केलेली असते. कोणतीही निवड न करणे म्हणजे दुसऱ्याची शैली वापरणे होय.

प्रेरणा, अनुकरण आणि श्रेय

२०२२ पासून केवळ शब्दांत वर्णन दिले असता चित्र तयार करून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली आहेत. एखाद्या कलावंताच्या शैलीचे चित्र मागितले की तसे चित्र मिळते. अशा काळात विद्यार्थी विचारतो, "सर, मग माझी शैली कोणती?" या प्रश्नाचे उत्तर अक्षरकलेच्या इतिहासातून अंशतः देता येते.

पालवांनी मोडीकडून घेतले, परंतु आपण मोडीकडून घेतले हे सांगितले. पेंटरने उस्तादाकडून घेतले आणि उस्तादाचे नाव आयुष्यभर घेतले. ऋण मान्य करणे ही येथे केवळ नैतिक औपचारिकता नाही. आपण काय घेतले हे ज्याला नेमके सांगता येते, त्यालाच त्यात आपले काय मिळवले हेही सांगता येते. या संदर्भात दिल्लीत कार्य केलेले कलावंत हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांचा उपक्रम उल्लेखनीय आहे. त्यांनी रस्त्यावरील पेंटरांकडून अक्षरसंच काढून घेऊन त्यांचे फॉन्ट केले आणि 'पेंटर कफील' याप्रमाणे फॉन्टला त्या पेंटरचेच नाव दिले. संगणक हाताला पुसून टाकतोच असे नाही, तो हाताचे नाव जपूही शकतो, हे त्यातून सिद्ध होते. नागपुरात असे काम झाले तर सदर, इतवारी आणि महाल येथील जुन्या पेंटरांचे हात टिकतील. ते हात आता थोडे आहेत आणि वृद्ध आहेत.

या दृष्टीने महाविद्यालयांना करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. विद्यार्थ्यांकडून परिसरातील हाताने रंगवलेल्या पाट्यांची, पेंटरच्या नावासह व संमतीने, छायाचित्र-नोंद करून घेता येईल. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. मोडी वाचनाच्या वर्गात अक्षर वाचण्यासोबत ते बोरूने काढण्याचाही सराव देता येईल. संगणकावर अक्षर घडवू इच्छिणाऱ्याने प्रथम एक अक्षर, उदाहरणार्थ 'अ', शंभर वेळा हाताने काढावे आणि मगच ते पडद्यावर न्यावे. वक्ररेषेचे बिंदू कोठे ठेवायचे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते मनगटाला ठाऊक असावे लागते.

निष्कर्ष

१. देवनागरी अक्षराची शैली प्रत्येक कालखंडात साधनाच्या मर्यादेशी झालेल्या संवादातून घडली. बोरू, खिळा आणि पडद्यावरील ठिपका हे त्या संवादाचे तीन टप्पे होत.
२. शेडगे यांनी शब्दाच्या अर्थातून, पालव यांनी दफ्तरातील हस्ताक्षरातून आणि जोशी यांनी लिपीच्या व्याकरणातून प्रेरणा घेतली. तिघांचेही साधन भिन्न होते. अभ्यासाची निष्ठा समान होती.
३. 'मंगल'च्या उदाहरणावरून वैयक्तिक शैली ठसठशीत वळणाप्रमाणेच संयमातूनही प्रकट होऊ शकते, हे स्पष्ट होते.
४. संगणकीय अक्षरामुळे मराठी मजकूर टिकाऊ व सार्वत्रिक झाला, परंतु स्थानिक पाटीकलेचे आणि पेंटरच्या श्रेयाचे मोठे नुकसान झाले. या कलेची नोंद करण्यास आता फार अवधी उरलेला नाही.
५. कलाशिक्षणात साधनाच्या परिचयाइतकेच परंपरेच्या अभ्यासाला आणि ऋणनिर्देशाला स्थान देणे आवश्यक आहे.

समारोप

संशोधकाचा प्रबंध शेवटी युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करून सादर झाला. तो ज्या अक्षरात होता ते 'मंगल' होते, हे तेव्हा लक्षातही आले नव्हते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल, कुटुंबीय आणि टंकलेखक या सर्वांचे आभार मानले होते. ज्याच्या अक्षरांत ते आभार छापले गेले, त्याचे नाव मात्र राहून गेले. प्रस्तुत निबंध हा त्या राहून गेलेल्या ऋणाचा अल्पसा निर्देश समजावा.